नको तिथं उगवलेलं

परसातलं ते झाड सासऱ्यांनी बारा वर्षांत किती वेळा तोडलं असेल. बुंध्यावर मीठ टाकलं, उकळतं पाणी ओतलं, ॲसिडसुद्धा घातलं. महिन्याभरात पुन्हा पालवी. मग स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत ते म्हणायचे, "नको तिथं उगवलेलं. कितीही छाटा, लाज म्हणून कशी ती नाही."

खिडकीत सून भाजी धूत असायची.

आज त्यांना कोयता उचलवेना. "आता तूच तोड," ते सुनेला म्हणाले.

तिनं कोयता खुंटीला अडकवला आणि भाजी धुतलेल्या पाण्याची बादली उचलली.

"पाण्याचा थेंब वाया घालवायचा नाही, असं पहिल्याच दिवशी बजावलंत ना, बाबा? बारा वर्षं रोज त्याच्याच बुंध्याशी ओततेय."