अंजनानं बदललेलं नाव

अंजना आत आली तेव्हा यल्लाप्पा हातमागावर विणत बसला होता. गल्लीतली पहिली कॉम्प्युटरवाली पोर घरी आली, म्हणून त्यानं बायकोला चहा टाकायला सांगितलं.

"चहा नको आप्पा," अंजना म्हणाली. "घरांची यादी चुकली. चूक माझी हाय."

विणकर सोसायटीची चाळीस घरं, शंभरावर अर्ज; यादी लावायचं काम अंजनाच्या कॉम्प्युटरला दिलं होतं. ज्याचा अर्ज जुना त्याचं नाव आधी, एवढं सोपं काम. यल्लाप्पाचा अर्ज एकोणीस वर्षांचा, तरी तो तळाला गेला. तीन वर्षांपूर्वी अर्ज केलेल्या आण्णाप्पाला पहिलं घर मिळालं. वडगावात कुणी चकार शब्द काढला नाही. कॉम्प्युटरची यादी म्हणजे देवाचा कौल, त्याच्याशी कोण भांडणार? यल्लाप्पा तर आण्णाप्पाचे पेढेही खाऊन आला होता.

चूक आज सकाळी सापडली. अंजनानं ती जमेल तशी सांगितली. अर्ज क्रमानं लावायच्या तुकड्याला तिनं प्रोग्राममध्ये आधी 'रांग' असं नाव दिलं होतं. मराठी नाव बघून कॉलेजातले सर हसले. तिला लाज वाटली आणि तिनं ते बदलून इंग्रजीत 'सॉर्ट' केलं. बंगळूरहून आलेल्या तयार प्रोग्रामांच्या फ्लॉपीत नेमका त्याच नावाचा तुकडा होता. मशीननं तिचा सोडून तो चालवला आणि त्यानं माणसं इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे लावली. 'ए'चा आण्णाप्पा वर, 'वाय'चा यल्लाप्पा खाली.

ती सोसायटीतही जाऊन आली होती. किल्ल्या वाटून महिना झाला, लोकांनी नव्या घरांत माग मांडले, आता उठवायचं कुणाला, असं चेअरमन म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं.

यल्लाप्पानं खोलीभर नजर फिरवली. अर्ध्या खोलीत माग, उरलेल्या अर्ध्यात सहा माणसं. तो रागावला असता तर अंजनाला बरं वाटलं असतं.

"यादी लागली त्याच दिशी मला कळलं हुतं," तो म्हणाला.

"मग बोलला का न्हाईसा आप्पा?"

"तुझं पयलंच काम. चारचौघांत चूक काढली तर लोक तुला हसतील, म्हणून गप बसलो."

अंजनानं मनात दिवस मोजले. किल्ल्या यादी लागल्यानंतर आठ दिवसांनी वाटल्या होत्या; तोवर ती सहज बदलता आली असती.