कुरकुरणारी कप्पी

सरजाबाईंनी नायलॉनची कप्पी बोटावर फिरवली, कानाजवळ नेली आणि परत टेबलावर ठेवली.

“मुकी हाय.”

गुरुबसप्पांनी मान डोलावली. आयुष्यभर त्यांनी लेथवर प्लास्टिकची चाकं आणि आसाभोवती बसणारे बुश काढले होते, ते आवाज बंद व्हावा म्हणूनच. गिऱ्हाईक कुरकुर घेऊन यायचं आणि शांतता घेऊन जायचं. कुरकुर विकत मागणारं आज पहिलंच आलं होतं.

“लोखंडाची घ्या की, मावशी. गंजली की आपोआप बोलंल.”

“लोखंडाचीच व्हती. परवा चोरानं न्हेली. भंगारवाला पिलास्टिकला इचारत न्हाई म्हणून तर तुमच्याकडं आले.”

“विहिरीला पाणी आहे का?”

“न्हाई. संक्रांतीलाच आटली.”

गुरुबसप्पा रस्त्याकडं बघत बसले. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कलेक्टर आला होता, पाणी अजून यायचं होतं.

“मग कप्पी कशाला?”

सरजाबाईंनी पदर सारखा केला. “ह्यांच्यासाठी. डोळे गेलेत, बाजंवरच असतेत. विहीर ह्यांनी सोता खांदलेली. सकाळी कप्पी वाजली की इचारतेत, ‘हाय का गं पाणी?’ म्या म्हणते, हाव. मंग भाकरी खातेत. परवापासून वाजली न्हाई. परवापासून खाल्लं न्हाई.”

“म्हणजे रोज मोकळी बादली ओढता?”

“मोकळी झटक्यात वर येती. ह्यांना कळंल. आत धोंडा ठेवते.”

गुरुबसप्पा उठले आणि फळीवरून एकेक तुकडा खाली काढायला लागले. नायलॉन डाळ मिलच्या गिअरला. चिवट, पण पाणी पिऊन फुगतं. साऱ्या जिल्ह्यात पाणी पिऊन फुगायची सवय आता तेवढ्या एकालाच उरली होती. टेफ्लॉन तेल मिलच्या व्हॉल्व्हला. त्याला काहीच चिकटत नाही, आवाजसुद्धा नाही. पॉलिथिनचा जाड पत्रा डाळ घसरायला. सरजाबाईंनी त्यावर हात ठेवला, तोही घसरला. डेलरिन पंपाच्या बुशला. कडक, मापाला पक्कं, पाण्याला तोंड न लावणारं.

“सगळे गुणाचे हायत,” सरजाबाई नाराजीनं म्हणाल्या. “एखादं वाया गेलेलं न्हाई का?”

गुरुबसप्पांचा हात डेलरिनवर थांबला. डेलरिनच्या चाकात लोखंडाचा नाहीतर नायलॉनचा आस घालायचा, हा त्यांचा नियम. एकदा चुकून चाकही डेलरिनचं आणि आसही डेलरिनचाच दिला, तर मिलवाला दुसऱ्या दिवशी मशीनसकट दारात. मशीन कण्हतंय म्हणाला.

“एक इलाज आहे,” ते म्हणाले. “चाक आणि आस, दोन्ही एकाच प्लास्टिकचं करतो.”

“त्यानं काय व्हतंय?”

“भावकी होते. परक्याबरोबर गुमान फिरतं. आपल्याच माणसाला घासलं की कुरकुरतं.”

“मंग आमच्या वळखीचंच निघालं.”

कप्पी तयार झाली. सवयीनं गुरुबसप्पांचा हात तेलाच्या बुधलीकडं गेला. सरजाबाईंनी बुधली उचलून आपल्या मांडीवर घेतली.

दुकानासमोरच्या लोखंडी अँगलला गुरुबसप्पांनी कप्पी टांगली. दोराला दुकानातली बादली बांधून तिच्यात दोन लोखंडी तुकडे टाकले. दोर ओढला. आधी काहीच नाही. मग एक बारीक चिरक. मग लांब, ओलसर, सकाळच्या वेळची कुरकुर, वर जाताना चढणारी आणि मधेच दम खाणारी.

सरजाबाईंनी डोळे मिटले. शेजारचा पंक्चरवाला ट्यूब हातात धरून उठला आणि कशाला उठलो ते विसरून तसाच उभा राहिला. गुरुबसप्पांनी बादली खाली सोडली. पुन्हा ओढली. त्याची गरज नव्हती.

समोरच्या घराचं दार उघडलं. शांतम्मा धावत बाहेर आली. एक घागर कमरेवर, एक हातात.

“कुणाच्या विहिरीला पाणी लागलं?”

गुरुबसप्पांच्या हातातला दोर तसाच राहिला. बादली अँगलखाली हलत होती.

सरजाबाईंनी डोळे उघडले. शांतम्माकडं पाहिलं, तिच्या घागरींकडं पाहिलं.

“जमलं,” त्या हळूच म्हणाल्या. “हीच बांधून द्या.”