कुकरचं पार्सल

“बाबा, पाठवू नका म्हटलं ना. इकडे मिळतो कुकर,” मुलगा पडद्यावरून पुन्हा म्हणाला.

मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता. समोर वायरमन आणि त्याची बायको एकाच बाकावर दाटीवाटीने बसले होते. शेजारी खोकं, खोक्यात विजेचा छोटा कुकर.

मुलगा परदेशात नोकरीला जाऊन वर्ष होत आलं होतं. पोरगं वाळत चाललंय हे आईने एवढ्याशा पडद्यावरून ओळखलं आणि तेव्हापासून घरात कुकरचा विषय निघाला. मुलाने आधी सांगितलं, तिकडे विजेचा दाब निम्माच, इथला कुकर तिथे नुसता कोमट होईल. वायरमन काय गप्प बसतो? त्याने बाजार पालथा घालून दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर आणला. मग मुलगा म्हणाला, पिन बसणार नाही. वायरमनने तिकडची चपटी पिन शोधून आणली आणि स्वतः जोडली. मग वॉरंटी आडवी आली. “बिघडला तर मी फोनवर सांगेन कुठली वायर बघायची ते,” वायरमन म्हणाला. मग कस्टमचं निघालं. कुरियरवाला म्हणाला, भेटवस्तू आहे असं सांगा, जाईल. आता फक्त पत्ता हवा होता, आणि पत्त्याचं नाव काढलं की पोराची नेमकी खोली बदलायची असायची.

बायकोच्या हे ध्यानात आलं नव्हतं. वायरमनला मात्र ते सलत होतं. पोराला बापाच्या हातचं नकोसं झालंय, अशी त्याची खात्रीच पटत चालली होती. खोलीतले सोबती हसतील, म्हणतील हे काय तुझ्या बापाने चिकटपट्ट्या लावून पाठवलंय. हे मनात आलं की त्याला जेवण जात नसे. आज मात्र त्याने विचारायचं ठरवलं होतं.

“खरं सांग. माझ्याकडचं नको आहे का तुला?”

“तसं नाही हो बाबा.”

“मग कसं?”

इकडे भर दुपार होती. तिकडे रात्र, म्हणून मुलाच्या मागे पडदा ओढलेला. तिकडे थंडी, म्हणून अंगात जाड जाकीट.

“बॅटरी संपतेय. चार्जर लावतो,” असं म्हणून तो उठला. फोन हातात तसाच राहिला आणि खोली गर्रकन फिरली. पलंगाची कड, दोरीवरचा टॉवेल, मग भिंत.

कुणाच्याही घरी गेला तरी वायरमन आधी भिंतीवरचा बोर्ड बघायचा आणि मग माणसं. त्यावरून बायको त्याला जन्मभर टोमणे मारत आली होती. आताही त्याने बोर्डच पाहिला. तीन गोल भोकांचा, अगदी त्याच्या पाठीमागच्या भिंतीत होता तसला. असे त्याने घरोघरी बसवले होते. मुलाने चार्जर घेतला आणि सरळ त्यात खोचला.

वायरमनने खोक्यातल्या चपट्या पिनेकडे पाहिलं. मुलाला परदेशी पाठवायचे पैसे घेतलेल्या एजंटच्या ऑफिसचं शटर कितीतरी महिने खालीच होतं. ‘जागा बदलली असेल,’ असं त्यानेच बायकोला समजावलं होतं. मग त्याला राग आला. कानशिलं तापली. सगळ्या गल्लीला सांगून झालं होतं, पोरगा परदेशात आहे म्हणून. आता कुणाला काय तोंड दाखवायचं?

तेवढ्यात मुलगा पुन्हा पडद्यावर आला. कपाळावरून घाम निथळत होता, तरी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत लावलेली. त्या कॉलरमधून मान काटकीसारखी वर आली होती. वायरमनचा राग कुठल्या कुठे पळाला. नुसतं भरून आलं.

“अगं, जरा चहा टाक,” तो बायकोला म्हणाला.

“आत्ता? बोलणं तर होऊ दे.”

“टाक ना.”

ती पुटपुटत आत गेली. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज येईपर्यंत तो थांबला. मग त्याने फोन उचलून तोंडाजवळ धरला.

“पार्सल नाही करत,” तो हळू आवाजात म्हणाला.

मुलाने सुटकेचा श्वास सोडला. “तेच सांगत होतो बाबा. मी घेईन इथेच.”

“नको. उद्या मीच घेऊन येतो. कुठल्या बसने यायचं, तेवढं सांग.”