पाणी आलं!

दोन हजार चौदा सालची गोष्ट. नदी सात वर्षं कोरडीठाक होती. शिवणवाल्या काकूंनी घरासाठी पुराचा विमा विचारला, तेव्हा समोरचा विमेवाला पोट धरून हसला होता, "काकू, नदीत पोरं सायकली फिरवतात!"

मग एका दुपारी वर डोंगरात ढगफुटी झाली. गच्चीवर कपडे वाळत घालताना काकूंना वळणावर गढूळ लोंढा दिसला. खाली अख्खी गल्ली जेवून घोरत होती. काकू बेंबीच्या देठापासून ओरडल्या, "पाणी आलं! पाणी आलं!"

दारं धडाधड उघडली. नळाला चार दिवसांनी एकदा पाणी यायचं, आणि नळ काकूंच्याच दारात. बादल्या, कळश्या घेऊन सगळे धावले. पुढे विमेवाला, एका पायात चप्पल. काकूंनी वरून हाक दिली, "लोंढा येतोय! आता जिना चढा, पळा!" लोंढा शिरला तेव्हा एकूण एक माणूस काकूंच्या गच्चीवर होतं, रिकाम्या बादल्यांसकट.

"काकू, पूर आला म्हणून का नाही ओरडलात?" विमेवाल्याने धापा टाकत विचारलं.

"कोण उठलं असतं रे?"

विमेवाल्याचं घर वाहून गेलं. आता तो गिऱ्हाइकाला आधी पुराचं कलम वाचून दाखवतो. काकू नव्वदीच्या झाल्यात, आणि त्या दुपारी गच्चीवर आलेली गल्लीतली सगळी माणसं त्यांना अजून एकेक करून मोजून दाखवता येतात.