उचलतंय का कुणी?

"आमच्या लेझिमा द्या!" स्वप्नाली मंडळाच्या बंद दारावर दणादण थापा मारत होती.

दाराला कुलूप होतं. किल्ली धनेशच्या खिशात होती आणि धनेश शेजारीच खुर्ची टाकून पाय हलवत बसला होता.

"पोरींची लेझीम परंपरेत बसत नाही," तो म्हणाला. "त्यात तुम्ही भाडेकरू. तिकडं तुमच्या लातूरला जाऊन नाचा ना!"

स्वप्नालीच्या बाबांना चाकणच्या कंपनीत नोकरी लागली आणि ती कुरुळी गावात आली, तेव्हा ती आईच्या कडेवर होती. आता ती दहावीत होती. लातूर तिनं सुट्टीपुरतंच पाहिलं होतं.

"धनेश, पोरींना किल्ली दे." मागून जाड आवाज आला. रंगराव! गावातला सगळ्यात जुन्या वळणाचा माणूस आणि स्वप्नालीचा घरमालक. स्वप्नालीचा चेहरा उजळला.

"तू उगा हसू नगंस," रंगराव तिच्यावर खेकसले. "पोरींनी मिरवणुकीत नाचावं ह्या मताचा मी न्हाई. पण ते बैठकीत बोलायचं. पोरींच्या वस्तू कोंडून न्हाई."

"आबा, तुमचा-माझा विचार एकच," धनेश म्हणाला. "फक्त तुम्ही बैठका घेत बसलात आणि गाव हातातनं गेलं."

"एक कसला? परंपरा म्हंजी लगाम, धनेश. आदी सोताच्या तोंडात घालायचा."

"लगाम चावून चावून तुमचा घोडा म्हातारा झाला! आता चाबूक पाहिजे. मतं चाबकालाच पडतात."

"चाबकाला पडतंय ते मत नसतंय. भ्या असतंय."

"वा! शाळेच्या फळ्यावर लिहा, आबा." धनेशभोवतीची पोरं फिदीफिदी हसली. किल्ली खिशातच राहिली.

धनेशला निवडणुकीला उभं राहायचं होतं. गावभर त्याचे फ्लेक्स लागले होते : 'यंदा शंभर टक्के जुनी रीत!' त्यासाठी त्यानं विड्याची बंद पडलेली रीत उकरून काढली होती. देवळासमोर ताटात विडा ठेवायचा. तीनदा हाक द्यायची. जो विडा उचलेल त्याच्या हातात यात्रेची मानाची काठी, आणि तो ज्यांना बोलावील ते मिरवणुकीत पुढं. कंपन्या आल्या, डीजे आला, रीत गेली. आता हाक धनेश देणार होता, विडाही धनेशच उचलणार होता आणि मोबाइल धरून त्याचा मित्र तयारच होता.

संध्याकाळी देवळासमोर मुंगीला शिरायला जागा नव्हती. रंगराव सगळ्यांत पुढं उभे होते. आज त्यांनी कोरा फेटा बांधला होता.

"विडा उचलतंय का कुणी?" धनेशनं माइकवर पहिली हाक दिली. कोण उचलणार? गर्दी हसली.

"उचलतंय का कुणी?"

रंगरावांनी पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या. स्वप्नालीनं टाचा उंचावून ते पाहिलं. आपल्या मनातलं ह्या म्हाताऱ्यानं ओळखलं की काय? हा आता आडवा येणार! शेजारी उभ्या आईनंही ओळखलं होतं. तिनं स्वप्नालीचं मनगट घट्ट धरलं. "गप उभी ऱ्हा गं माय. खोली जाईल की आपली!"

"उचलतंय का कुणी?"

तिसरी हाक देऊन धनेश कॅमेऱ्याकडं वळला आणि त्यानं केसांवरून हात फिरवला. तेवढंच पुरलं. स्वप्नालीनं मनगट सोडवलं आणि ती सुसाट पळाली. चपला गर्दीतच राहिल्या. विडा तिच्या मुठीत होता!

"ए, ठेव खाली!" कुणीतरी तिची वेणी ओढली. "भाडेकरूची पोरगी! माजलीत ही!"

"आबा, सांगा हिला!" धनेश ओरडला. "बसतं का हे परंपरेत?"

रंगरावांनी तिच्या मुठीतला विडा बघितला आणि ते धनेशकडं वळले.

"हाक काय दिलीस तू?"

"जी जुनी आहे तीच! उचलतंय का कुणी."

"'उचलतो का' न्हाई, 'उचलतंय का'. त्यात गडी न्हाई, बाई न्हाई, गाववाला न्हाई का भाडेकरू न्हाई."

"अहो, पूर्वजांच्या मनात असलं काही नव्हतं!"

"त्यांचं मन तुला ठावं आसंल. मला त्यांचा शबुद ठावा हाय. तो बदलायचा तर बैठक लाव. माझा हात तुझ्याच बाजूनं वर हुईल. पण ते पुढल्या सालाला. आज काठी हिची. किल्ली टाक."

"निवडणुकीत बघून घेतो तुम्हाला!" धनेशनं किल्ली मातीत भिरकावली. स्वप्नालीनं ती झेलल्यासारखी उचलली.

"थँक्यू, आबा!"

रंगराव हसले नाहीत. त्यांनी काठी तिच्या हातात जवळजवळ आदळलीच. मिरवणूक खडीवरून निघणार होती आणि ते अजून अनवाणीच होते.

"आबा, तुमच्या वहाणा?"

"विडा उचलाय अनवाणी यावं लागतंय, पोरी," रंगराव फेटा सोडत म्हणाले. "मी बी त्याच्यासाठीच आलो व्हतो."