ताटलीएवढं प्रवाळ

कंपनीतून निवृत्त झालेल्या साहेबरावांनी निगडीच्या फ्लॅटमधल्या काचेच्या टाकीत ताटलीएवढं जिवंत प्रवाळ अकरा वर्षं जगवलं होतं. खडकाला घासून त्याचं अंग फाटू नये म्हणून ते त्याला वाळूवरच ठेवत, पाण्यातलं मीठ रोज तपासत, कोळंबीचा बारीक तुकडा त्याच्या तोंडाशी धरत. सून श्रद्धाला या चिकाटीचं भारी कौतुक होतं.

त्या सकाळी ती म्हणाली, "बाबा, हे तुमच्याबरोबर श्वास घेतंय बघा!"

खरंच, त्यांची छाती भरली की प्रवाळ फुगत होतं, उतरली की बसत होतं.

"अकरा वर्षं एकत्र राहतोय आमी, पोरी," साहेबराव हसले.

श्रद्धा कौतुकानं पाहत राहिली. मग तिनं नीट पाहिलं.

आधी प्रवाळ फुगत होतं. बाबांची छाती त्याच्यामागून भरत होती.

प्रवाळ बसलं. ते पुन्हा फुगण्याची वाट पाहत श्रद्धा उभी राहिली.