हूकवरचं वजन

"दोनच बसतील," दुकानदार म्हणाला. "तिसरी चढवलीत तर हूक वाकेल, आणि मग माझ्या नावानं शंख करत याल."

खरेदी अधिकारी आपल्या गाडीच्या मागे उकिडवे बसले होते. टाइल्सच्या कारखान्यासाठी त्यांनी खिळ्यापासून क्रेनपर्यंत सगळं घासाघीस करून घेतलं होतं. पण गाडीच्या मागच्या हूकवर सायकलींचा स्टँड बसवायची ही त्यांची पहिलीच वेळ. तरी त्यांनी जाणकाराच्या थाटात स्टँड हलवून पाहिला. डिकी उघडायची तर तो मागे झुकतो का, दिवे झाकले जातात का, कुलूप कसं आहे, सगळं विचारून झालं. छपरावरचा स्टँड त्यांनी आधीच बाद केला होता. साहेबांची सायकल बॅटरीची, वजनदार. ती डोक्यावर उचलायची म्हणजे कंबरडंच मोडलं असतं.

साहेब म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक. डॉक्टरांनी त्यांना सायकल चालवायला सांगितली, आणि ऑफिसातल्या अर्ध्या लोकांना आपल्याला लहानपणापासून सायकलची किती आवड होती ते एकदम आठवलं. खरेदी अधिकाऱ्यांना सगळ्यांच्या आधी आठवलं. त्यांनी स्वतःला एक आणि बायकोला एक अशा दोन साध्या सायकली घेतल्या. कंपनीचा नवा कारखाना दुसऱ्या गावी उभा राहत होता. त्याला व्यवस्थापक हवा होता आणि नाव साहेबच सुचवणार होते. तेव्हा दर रविवारी साहेबांची सायकल आपल्या गाडीवरून तळ्याकाठी न्यायची, तिघांनी मिळून फेरी मारायची आणि बोलता बोलता विषय काढायचा, असा बेत होता.

पण आदल्या दिवशी साहेबांचा फोन आला. "अहो, आमच्या हिनंही बॅटरीचीच घेतली. तीही तुमच्याच गाडीवर टाकू, काय?"

"टाकू की, साहेब," असं ते बोलून बसले होते.

"बॅटरीच्या दोन म्हटल्यावर झालं वजन पुरं," दुकानदार म्हणाला. "आता बोला, नेमक्या कुठल्या दोन न्यायच्यात?"

बायको हाताची घडी घालून उभी होती. उत्तर तिला माहीत होतं. पण ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं तिनं ठरवलं होतं.

"साहेबांच्या," ते पुटपुटले.

"म्हणजे आपण सायकल चालवायला जायचं आणि सायकली ठेवायच्या घरी?"

"अगं, बढतीचा प्रश्न आहे. थोडे दिवस आपण नुसतं सोबत जाऊ."

"तुम्ही जा सोबत. मी माझी सायकल चालवते."

रविवारमागून रविवार गेले. खरेदी अधिकारी सकाळी साहेबांच्या दारात गाडी लावत. दोन्ही सायकली उचलून स्टँडवर चढवत, पट्टे आवळत, तळ्याकाठी उतरवत. साहेब आणि बाईसाहेब पुढे निघाले की हे गाडी घेऊन बैलगाडीच्या चालीनं मागून येत. पाण्याच्या बाटल्या यांच्याकडे, टॉवेल यांच्याकडे. परतताना चाकांचा चिखल पुसायचं कामही कधी यांच्याकडे आलं, ते त्यांना कळलंच नाही. साहेब बारीक झाले. खरेदी अधिकाऱ्यांची पँट मात्र कंबरेला घट्ट होऊ लागली.

विषय काही निघेना. चढावर साहेबांना दम लागे, उतारावर ते पुढे निघून जात आणि परतीच्या वाटेवर गाडीत घोरत. एकदा धीर करून त्यांनी खिडकीतून विचारलं, "साहेब, ते बढतीचं काय झालं?"

"बॅटरी? आहे की अजून अर्धी!" साहेब हात हलवून म्हणाले.

इकडे घरी बायकोनं लेकीला त्यांची सायकल दिली. मायलेकी सकाळी निघत आणि लालबुंद चेहऱ्यानं हसत परत येत. "बाबा, तुमची सायकल मस्त पळते हं," लेक म्हणाली. त्यांनी "हो का?" एवढंच म्हटलं. ती कशी पळते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि एका सोमवारी बातमी फुटली. नव्या कारखान्यावर पॅकिंग विभागाच्या प्रमुख बाईंची नेमणूक झाली होती. या बाई कामाशिवाय साहेबांच्या केबिनची पायरी चढत नसत. सायकलशी तर त्यांचा काडीचा संबंध नव्हता. 'यांना जगात वावरायचं कळत नाही,' असं खरेदी अधिकारी त्यांच्याबद्दल जेवणाच्या सुट्टीत नेहमी म्हणत.

ते तडक केबिनमध्ये गेले. "साहेब, माझं नाव तुमच्या मनातही आलं नाही?"

"बसा, बसा." साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. "आलं नाही कसं? गेल्या वर्षापासून तुमचंच नाव ठरलं होतं. या सायकलींचं खूळ निघायच्या आधीपासून. तुमच्याइतका लायक माणूस आहे कोण इथं? मुख्य ऑफिसला कळवायचं तेवढं बाकी होतं."

"मग?"

साहेब थोडे ओशाळले. चष्मा काढून काचा पुसत बसले.

"घरी बोलता बोलता हिच्या कानावर घातलं, तर हिनं घर डोक्यावर घेतलं. म्हणाली, कुणालाही पाठवा, पण यांना नको. हे गेले तर रविवारी आपल्या सायकली कोण नेणार?"